तोंडपाठ निबंध

रायपूरच्या उरला भागातल्या एका अंगणवाडीत मी बारा वर्षं मदतनीस होते. आमच्या कार्यकर्तीबाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागेसाठी बारावी पास पाहिजे होती. ओपन स्कूलमधून माझे बाकीचे विषय निघाले. इंग्रजीनं दोनदा आपटलं. जागा उन्हाळ्यात भरणार होती, म्हणजे हा पेपर गेला की जागाही गेली.

या वेळी मी जिद्दीला पेटले. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या लेकीनं पर्यावरणाचा इंग्रजी निबंध मोबाइलवर स्वतःच्या आवाजात भरून दिला. खिचडी शिजवताना, भांडी घासताना तो कानात चालू. लहानपणी विहारात वंदनाही मी अशीच ऐकून ऐकून शिकले होते, पुस्तक हातात न घेता. महिन्याभरात निबंध एका दमात म्हणू लागले. स्वतःवर इतकी खूश होते की शेजारणींना बोलावून ऐकवला.

पेपरच्या दोन दिवस आधी लेकीनं वही-पेन पुढे सरकवलं.

"मम्मी, अब लिख के दिखा."

पहिल्या शब्दालाच पेन अडलं. तोंड चालत होतं, हात हलेना. महिनाभरात मी एकदाही लिहून बघितलं नव्हतं. मी तिच्यावरच उखडले.

"तू पहिलेच काहून नाही सांगतलं? मले नाही देयाचा पेपर!"

तिनं निबंधाची आठ छोटी वाक्यं केली आणि एकेक दहादा लिहायला लावलं. पण मी पुटपुटत लिहायची. तोंड पुढे पळायचं, हात मागे राहायचा. संध्याकाळी तिनं सरळ माझ्या तोंडावर तळहात दाबला.

"मुँह बंद. सिर्फ हाथ चलेगा."

पोटच्या पोरीनं माझं तोंड दाबावं! रागानं कान तापले, एक ठेवून द्यावीशी वाटली. पण आत्ता उठले तर सगळं संपलं, हे मला कळत होतं. मी तिचा हात तसाच राहू दिला आणि पहिलं वाक्य न बघता लिहिलं, वाकडंतिकडं, ओळ सोडून.

तिनं वही जवळ घेतली. एकेक अक्षरावर बोट फिरवत राहिली.

"काय झालं? चुकलं काय?"

"पढ़ने में आ रहा है, मम्मी."

मी वही ओढून स्वतः वाचून पाहिलं. खरंच वाचता येत होतं. मग मात्र मी तिच्यासमोर ढसाढसा रडले, आणि रडत रडतच दुसरं वाक्य लिहायला घेतलं.