चौथ्या नंबरचा तारा

एर्मिंदा बारासाने आयुष्यात दुर्बिणीला डोळा फार तर चारदा लावला असेल. ताऱ्यांशी तिचा संबंध भर दिवसा यायचा, चिलीतल्या ला सेरेना गावी, वेधशाळेच्या कचेरीत, सकाळी साडेआठ ते पाच. डोंगरावर रात्री काढलेल्या फोटोंच्या काचेच्या प्लेटा दर सोमवारी खाली यायच्या. खालून दिवा लावलेल्या टेबलावर प्लेट ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि ठिपके बघत बसायचं. प्लेटवर सगळं उलटं उमटतं, आभाळ पांढरं आणि तारे काळे. ठिपका जेवढा मोठा, तेवढा तारा तेजस्वी.

एकतीस वर्षं तिने मुख्यतः एकाच ताऱ्याचा पिच्छा पुरवला. तांबडा, महाकाय, सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीसकट सगळ्यांना पोटात घेईल असा. हे मोठे तारे उधळ्या स्वभावाचे असतात, भराभरा जळतात आणि लवकर संपतात. एर्मिंदाच्या मोजणीप्रमाणे हा वर्षानुवर्षं मंद होत चालला होता. कचेरीत त्याला सगळे ‘एर्मिंदाचा आजारी’ म्हणत, आणि तिला आदराने ‘दोन्या’, म्हणजे बाई. “काय दोन्या एर्मिंदा, आज कसा आहे तुमचा आजारी?” असं कुणी विचारलं की ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, “कालच्यापेक्षा बरा नाही.”

तेज मोजायचं म्हणजे शेजारच्या, न बदलणाऱ्या ताऱ्याशी ताडून बघायचं. त्या भागात आजाऱ्याच्या तोडीचा शेजारी एकच होता, यादीतला चौथ्या नंबरचा. बाकीचे अगदीच किरकोळ. तिची सगळी भिस्त त्या चौथ्यावर होती.

तिचा नवरा निबाल्दो डोंगरावर कामाला होता. आठवडाभर वर, आठवडाभर घरी. प्लेट उघडी असेपर्यंत दुर्बीण जराही हलू नये म्हणून तासन् तास एक तारा भिंगातल्या बारीक रेघांच्या फुलीवर धरून ठेवायचा, हे त्याचं काम. आणि तो धरायचा तो हाच चौथ्या नंबरचा. पाळी संपली की सोमवारी आपल्या प्लेटा खाली आणायच्या, मोजून झालेल्या उचलून कपाटात लावायच्या, हेही त्याच्याचकडे. माणूस मितभाषी, चहात पाव बुडवून खाणारा, बायकोच्या हुशारीचा अभिमान असलेला.

एका अठरा सप्टेंबरला, देशाच्या राष्ट्रीय सणाला, कचेरीच्या अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजत असताना, तो हातातली एम्पानाडा, मांसाची करंजी, संपवून म्हणाला, “अगं म्हातारे, तुझा तो चौथा मोठा व्हायला लागलाय हं. जरा बघ.”

एर्मिंदाला ते झोंबलं. सगळ्यांसमोर, आणि तेही डोंगरावरच्या माणसाने! “रात्र रात्र जागतोस, वर ही वाईन,” ती म्हणाली. “तुला चौथाच काय, मीही दोन-दोन दिसत असेन. तू आपली दुर्बीण धर. मोजायचं मी बघते.”

अंगण हसलं. निबाल्दोही हसला. त्यानंतर त्याने तो विषय तिच्याजवळ कधी काढला नाही. सात वर्षांनी तो फुप्फुसाच्या दुखण्याने गेला.

तो गेल्याला चार वर्षं झाली, तेव्हा सान्तियागोहून मायतेन आली. ही खगोलशास्त्र शिकलेली पोरगी यंत्राने सगळ्या जुन्या प्लेटा वाचायला आली होती. एर्मिंदाच्या आजाऱ्यावर मोठा शोधनिबंध निघणार होता आणि त्यावर एर्मिंदाचं नाव येणार होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. तिने बहिणीला पत्रही टाकून दिलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मायतेन खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. “दोन्या एर्मिंदा, रागावू नका. यंत्राने चौथा नंबर दोनशे बारक्या ताऱ्यांशी ताडून पाहिला. तोही महाकाय आहे, पिवळा. आणि तो हळूहळू वाढतोय.”

“आणि माझा आजारी?”

“ठणठणीत आहे. जसा होता तसाच.”

एर्मिंदाने हातातलं भिंग टेबलावर ठेवलं. एकतीस वर्षांची तिची वही पाण्यात गेली होती, पण तिला आठवलं ते अंगण, ते हसू आणि हातातलं रिकामं ताट घेऊन उभा असलेला निबाल्दो.

“तुमची मोजणी चुकलेली नाही,” मायतेन समजावत होती. “उलटी केली की चौथ्याची गोष्ट निघते, आणि ती जास्त मोठी आहे. नाव तुमचंच राहील. शिवाय पाकिटांवरच्या टिपणांचा आधार आहेच.”

“कसली टिपणं?”

प्रत्येक प्लेटेला कागदी पाकीट असे. पुढच्या बाजूला डोंगरावरचा माणूस तारीख, वेळ आणि शेरा लिही. मोजणाऱ्याने शेरा वाचायचा नाही, वाचला की डोळा पक्षपात करतो, अशी मोजणाऱ्यांची शिस्त; डोंगरावरच्यांना ती कुणी कधी सांगितली नव्हती. एर्मिंदा पाकीट पालथं ठेवी, प्लेट मोजी आणि पाकिटाच्या मागे लिही, ‘पाहिलं. ए. बा.’ या शिस्तीत तिने एक दिवसही कसूर केली नव्हती.

तिने कपाट उघडलं आणि पाकिटं उलटी करायला घेतली. ‘वारा.’ ‘पातळ ढग.’ मग निबाल्दोचं तिरपं अक्षर, ‘४ मोठा वाटतो.’ त्या सप्टेंबरनंतरचं, ‘४ वाढतोय. चारचौघांत बोलायला नको होतं, चुकलं.’ पुढे वर्षानुवर्षं नुसता चाराचा आकडा आणि शेजारी वर जाणारा बाण. जिथे तिचा हात रोज पडणार हे त्याला ठाऊक होतं, तिथे तो लिहीत राहिला होता.

शेवटच्या पाळीच्या पाकिटावर अक्षर थरथरलेलं होतं. ‘४ पुन्हा वाढला. पाहिलंस ना गं?’

तिने पाकीट पालथं केलं. मागे तिचंच गोल, नेटकं अक्षर होतं, ‘पाहिलं. ए. बा.’

हीच पाकिटं तो मोजणी झाल्यावर उचलून कपाटात लावत होता. मागची बाजू वाचत होता. बायकोने पाहिलंय, तिला पटलेलं नाही, किंवा पटूनही ती आपल्याला उत्तर द्यायला तयार नाही, असं समजून तो घरी येऊन गुपचूप चहात पाव बुडवत होता. सात वर्षं. एर्मिंदाने कपाटाच्या दारावर डोकं टेकलं आणि ती मोठ्याने रडली. मायतेनला काय करावं ते कळेना.

मग डोळे पुसून एर्मिंदा म्हणाली, “निबंधात पहिलं नाव त्याचं घाल. नसेल घालता येत तर माझंही काढ.”

“घालीन,” मायतेन म्हणाली.

एर्मिंदाने टेबलावरची पेन्सिल घेतली आणि शेवटच्या पाकिटावरचं ‘पाहिलं’ खोडायला लागली.

“दोन्या एर्मिंदा, जुनी नोंद खोडता येत नाही!”

“खोटी आहे पोरी,” ती म्हणाली. “मी पाहिलं नव्हतं.”

आणि तिने दुसरं पाकीट ओढलं.