तंदूरशेजारची फरशी

माझी आत्या वस्फिया किल्ल्यात जन्मली. किल्ल्याखालच्या गावात नव्हे, किल्ल्याच्या आतच. हुस्नच्या किल्ल्यात तेव्हा पाचेकशे माणसं राहत होती. फिरंग्यांनी बांधलेल्या उंच कमानींच्या दालनांत लोकांनी आडव्या भिंती घालून घरं केली होती. तटाच्या पोटात शेळ्या, बुरुजात गहू. आमच्या घराचं छत इतकं उंच होतं, की हिवाळ्यात सगळी ऊब वर जाऊन बसायची आणि माणसं खाली कुडकुडायची. क्रुसाचे झेंडे घेऊन फिरंगी इथे कधी आले, सुलतान बैबर्सने त्यांना कधी हाकललं, हे इमामसाहेब शुक्रवारी कधीमधी सांगायचे. साडेसहाशे वर्षांपूर्वीची ती लढाई. आमच्या लोकांना तिचं फारसं काही वाटत नसे. दगड पक्का होता, वारा अडत होता.

पंधराव्या वर्षी आत्याचं लग्न झालं. नवरा चारच महिने घरात राहिला. मोठं युद्ध सुरू झालं, तुर्कांनी त्याला पलटणीत ओढून नेलं आणि तो परत आला नाही. पाठोपाठ टोळधाड आली आणि मग उपासमार. त्या हिवाळ्यात आत्या बाळंत झाली. मुलगी दोन दिवस जगली. बाहेर कमरेएवढं बर्फ होतं आणि कबरस्तान खालच्या उतारावर. माझ्या आजीने दालनातल्या तंदूरशेजारची एक काळी फरशी उचकटली, कपड्यात गुंडाळलेलं ते मूल खाली ठेवलं आणि फरशी पुन्हा बसवली. मूल कुठे आहे हे त्या दोघींनाच माहीत होतं. बर्फ वितळल्यावर मूल कबरस्तानात न्यायचं असं ठरलं होतं, पण वितळेपर्यंत आजीही गेली.

आत्याने दुसरं लग्न केलं नाही. त्या तंदूरवर ती सतरा वर्षं भाकऱ्या भाजत राहिली, आपल्या आणि शेजारणींच्याही. बाया कणीक घेऊन यायच्या, तिथेच बसायच्या. आत्या तशी बोलकी, टोमणे मारण्यात पटाईत. खालच्या खोऱ्यातल्या ख्रिस्ती गावचा मित्री गवंडी दरवर्षी तंदूरचं तोंड लिंपायला यायचा. त्याची आई तक्ला आमच्याकडून दह्याचे सुकवलेले गोळे न्यायची आणि बदल्यात ऑलिव्ह द्यायची. त्या दोन घरांची ही देवघेव आजोबांच्याही आधीपासूनची. मित्रीने लिंपलं, की आत्या हमखास म्हणायची, भाऊ, तुझी रेघ तुझ्या नाकासारखीच वाकडी. तो म्हणायचा, नाक वाकडं असलं तरी वास बरोबर येतो, भाकरी करपतेय बघ.

एकोणीसशे तेहतीस साली फ्रेंच सरकारचा इंजिनियर आला. तेव्हा मुलुखावर राज्य फ्रेंचांचंच होतं. दुभाषा बरोबर, हातात नकाशे. त्याने सगळ्यांना अंगणात जमवलं आणि सांगितलं, की ही वास्तू त्याच्या पूर्वजांनी बांधली आहे, ती आता सरकारजमा होणार, आतली घरं पाडून ती मूळ रूपात आणायची आहे. सगळ्यांनी खाली उतारावर नवी घरं बांधावीत, भरपाई मिळेल.

माझे आजोबा पुढे बसले होते. ते दुभाष्याला म्हणाले, "त्याला विचार, साडेसहाशे वर्षं कुठे होता? आम्ही छप्पर गळायला लागलं तेव्हा वाट बघत होतो."

लोक हसले. दुभाष्याने ते पोचवलंच नाही.

मग एकेक घर रिकामं झालं. खालच्या उतारावर भिंती उभ्या राहू लागल्या. आत्या सगळ्यांत शेवटी निघाली. आजोबांनी तीनदा निरोप पाठवला, चौथ्यांदा स्वतः गेले. ती कणकेची काथवट डोक्यावर घेऊन उतरली, मागे वळून पाहिलं नाही, असं माझे वडील सांगायचे. फरशीबद्दल तिने त्यांनाही काही सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी कसं सांगायचं, हेच तिला कळत नव्हतं.

पाडकामाला मजूर खोऱ्यातून घेतले. मित्रीही लागला. त्यावरून आमच्या गावात बोलणं सुरू झालं. फिरंगी आणि हे खोऱ्यातले एकाच क्रुसाचे, टपूनच होते, असं लोक म्हणू लागले. ज्यांच्या चुली मित्रीने लिंपल्या होत्या, तेच म्हणू लागले. कामाचा एक नियम होता. जमिनीखालून जे निघेल, हाड असो की खापर, ते इंजिनियरच्या कचेरीत जमा करायचं. पेट्यांत भरून ते परदेशी जात होतं.

आमच्या उत्तरेच्या दालनाची पाळी आली त्या दिवशी आत्या दरवाज्यापाशी गेली. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. संध्याकाळी मजूर बाहेर पडले तेव्हा तिने मित्रीला बाजूला घेतलं.

"माझा तंदूर तू फोडणार आहेस?"

"मी नाही तर दुसरा फोडेल, बहिणी. मी हळू फोडेन."

"त्याच्या डाव्या हाताला काळी फरशी आहे. तिच्याखाली माझं मूल आहे."

मित्रीने विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"उद्या दुपारी दरवाज्याबाहेरच्या अंजिराच्या झाडाखाली थांब," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर जेवायला गेला तेव्हा मित्रीने फरशी काढली. फार थोडं उरलं होतं. त्याने डोक्याचा रुमाल सोडला, सगळं त्यात हाताने वेचून घेतलं, चुन्याच्या टोपलीत ठेवलं, वर छिन्नी-हातोडा टाकला आणि लोहाराकडे जातो सांगून दरवाज्याबाहेर पडला. दोघं कबरस्तानात गेले. खड्डा त्याने खणला. आत्याने फातिहा म्हटला तेव्हा तो उघड्या डोक्याने लांब उभा होता. सवयीने त्याचा हात क्रूस करायला कपाळाशी गेला आणि तिथेच थांबला. आत्याने ते पाहिलं. ती म्हणाली, "कर, कर. तिला दोघांचंही चालेल."

पण उकरलेली माती दुसऱ्या एका मजुराने पाहिली होती. मित्री टोपली घेऊन गेला हेही पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत दोन्ही गावांत एकच गोष्ट झाली. मित्रीला फिरंग्यांचं सोनं सापडलं. ते सरदार किल्ला सोडताना सोनं पुरून गेले, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत होतं, फक्त आजवर कोणी पाहिलं नव्हतं. शिपायांनी मित्रीला चौकीत नेलं. टोपलीत काय होतं, विचारलं. चुना होता, म्हणाला. तळपायांवर मारलं तेव्हाही चुनाच म्हणाला. आमच्या गावाने म्हटलं, आपल्या घरातलं सोनं त्याने आपल्या फिरंगी भावांना नेऊन दिलं असणार. खोऱ्यातले म्हणाले, हुस्नवाल्यांनीच चुगली केली. बाजारात ऑलिव्हच्या गोण्यांवरून हाणामारी झाली.

आत्या तेव्हापासून घराबाहेर पडली नव्हती, तिला हे तिसऱ्या दिवशी कळलं. तक्ला स्वतः चढ चढून आली होती. ती अंगणातच उभी राहिली, आत आली नाही. मुलाने आपल्याला काहीच सांगितलेलं नाही, तुला काही ठाऊक असेल तर सांग, एवढंच ती म्हणाली. आत्याने चप्पल घातली आणि सरळ कचेरीत गेली. आजोबा आणि माझे वडील मागे धावले. त्यांच्या देखत तिने दुभाष्याला सगळं सांगितलं. नवरा, बर्फ, आई, फरशी, टोपली.

इंजिनियरने पुरावा मागितला.

"चला, कबर दाखवते," आत्या म्हणाली. "पण उकरायची तर त्यांनी स्वतःच्या हातांनी उकरावी."

इंजिनियर उठला नाही. हे तिने आधीच का सांगितलं नाही, असं त्याने विचारलं.

"विचारलं कोणी? एवढे दिवस साहेब दगडांशीच बोलत होते."

हे मात्र दुभाष्याने सांगितलं असावं, कारण त्या माणसाचा चेहरा लाल झाला, मग उतरला. त्याने पेन्सिल खाली ठेवली. मूल कोणत्या साली गेलं, एवढं विचारलं, आणि मित्रीला सोडायची चिठ्ठी लिहून दिली.

सुटला, पण काम गेलं. आजोबा आत्याशी वर्षभर बोलले नाहीत. बापाला न सांगितलेली गोष्ट तिने परक्या गवंड्याला सांगितली, हे त्यांना लागलं होतं. मित्रीच्या मागचं सोनं तर कधीच सुटलं नाही. आत्याने काय सांगितलं हे सगळ्यांनी ऐकलं होतं, तरी सोन्याची गोष्टच लोकांना जास्त आवडत होती. त्याच्या पोरीला मागणी घालायला आलेले लोक घराच्या भिंती ठोकून बघायचे. भाऊ ब्राझीलला होता, त्याने बोलावलं, तरी मित्री गेला नाही. गेलो तर सोनं घेऊन पळाला म्हणतील, असं तो म्हणायचा. म्हातारपणी लंगडत, गळक्या घरात मेला. दफनाला आलेल्यांपैकीच कोणीतरी महिन्याभरात त्याचं अंगण खणून ठेवलं.

फ्रेंच गेले. किल्ल्यावर तिकीट लागलं. आत्या वर जायची नाही, आपल्याच घरात तिकीट काढून जायचं का म्हणायची. मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा एकदा हट्टाने नेलं. दालन झाडूनपुसून लख्ख होतं. तंदूरच्या जागी भिंतीवर काजळीचा मोठा डाग राहिला होता. वाटाड्या परदेशी पाहुण्यांना सांगत होता, की इथे क्रुसाचे सरदार भाकऱ्या भाजत. आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माझा धूर आहे तो." मी वाटाड्याला सांगायला निघाले तर तिने माझी बाही धरली. परत येताना ती उतारावर दोनदा बसली. दम लागला म्हणाली. एक्याऐंशी साली ती गेली तेव्हा मित्रीची बायको आणि खोऱ्यातल्या चार बाया काळे कपडे घालून आल्या, आमच्या बायांत बसल्या. तिला मुलीशेजारी ठेवलं.

मग दोन हजार बारा साली आमचं आपसातलं युद्ध पेटलं. आमच्या गावात बंदुका आल्या, खोऱ्यातही आल्या. आमची पोरं त्यांना फिरंगी म्हणू लागली, ती आमच्या पोरांना बैबर्सची अवलाद. पाचवीपर्यंत मीच शिकवलेली पोरं ती, त्यांना त्या लढायांची सालं सांगता येत नव्हती. किल्ल्यावर बाँब पडले. दोन वर्षांनी मी सरहद्दीपलीकडे लेकीकडे त्रिपोलीला आले ती इथेच राहिले.

मित्रीचा नातू नखले अजून खोऱ्यातच आहे, लाकूडकाम करतो. मागच्या महिन्यात त्याला फोन केला, कबरस्तानात जाऊन ये म्हटलं. तो गेला होता. दगड बरेच फुटलेत आणि गवत छातीएवढं आहे, म्हणाला, आत्याची कबर काही सापडली नाही. ईस्टरनंतर गवत वाळतं, तेव्हा विळा घेऊन पुन्हा जातो म्हणाला.