राखलेलं कुरण

कार्तिकातल्या उन्हात पिकलेल्या गवताला एक गोडसर, उबदार गंध येतो. अक्कलकोटच्या वाटेवरल्या आमच्या माळावर, मोठ्या दुष्काळानंतरच्या त्या वर्षी, तो गंध इतका दाट होता की नुसती झुळूक अंगावरून गेली तरी पोट भरल्यासारखं वाटे. मी त्याच वर्षी पावसाआधी लग्न होऊन त्या घरात आले होते, आणि माझ्या मागोमाग माहेरून आंदण म्हणून आलेली माझी कालवड. दूध तुटल्यापासून ती वाळत चालली होती. उन्हाळ्याआधी अंग धरलं नाही तर ती वैशाख काढणार नाही हे मला कळत होतं, आणि त्या अनोळखी घरात माझं म्हणावं असं तिच्याशिवाय काहीच नव्हतं.

दुष्काळात उघडाबोडका झालेला माळ पुन्हा जीव धरावा म्हणून गावानं त्याचा अर्धा भाग बाभळीच्या काट्यांनी बंद केला होता, आणि तो कधी खुला करायचा हे ठरवण्याचा मान माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, दिला होता. उरलेल्या अर्ध्यावर साऱ्या गावाची जनावरं तोंड घासत फिरत. त्या वर्षी श्रावणात कुंपणाआडची पाती लुसलुशीत झाली. शेजारची गंगव्वा, जिची मेंढरं याच माळावर जगत, काट्यांपाशी उभी राहून मामंजींना म्हणाली, "अण्णा, हुल्लू कवळं हाय तवर वासरं आन कोकरं सोडा की. निबर झाल्यावर कोन खातंय?" तिच्या मराठीत गवत नेहमी कानडीतलं हुल्लूच असे.

"मेंढरू मुळासकट उपटतंय. जरा थांब," मामंजी म्हणाले. भाद्रपदातही ते जरा थांब म्हणाले, आणि दसऱ्यालाही. गवत कमरेला लागलं, सोनेरी झालं; मामंजी रोज संध्याकाळी कुंपणाभोवती फेरी मारून तृप्त मुद्रेनं परत येत, आणि मला त्यांचा विलक्षण राग येई. माझी कालवड बाहेर उभी राहून आत बघत राही. वाढलेलं ताट समोर आणि तोंडाला मुसकं, अशी तिची गत.

दिवाळी उलटल्यावर एकदाचे काटे निघाले. कालवड दिवसभर चरे, पोट नगाऱ्यासारखं फुगे, पण फासळ्या काही झाकेनात. गवतातला रस केव्हाच उडून गेला होता. गंगव्वाच्या कोकरांच्या तोंडात तर पिकलेली कुसळं रुतली. एकेकाचा जबडा उघडून ती कुसळं उपसत बसे, तरी दोन कोकरं गेलीच. ती मामंजींना एका शब्दानं बोलली नाही, म्हणून मलाच राहवलं नाही. "मामंजी, श्रावणातच सोडायला हवं होतं," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

ते रागावले नाहीत. "कळत हुतं की, पोरी. दुस्काळात गुरांच्या छावणीत माज्या बैलानं मान टाकली, तवा त्याच्या तोंडाला द्याया काडी न्हवती. आता उभं गवत दिसलं की झोप लागती. ते कुनी खाल्लेलं बगवत न्हाय."

खरा गोंधळ तर पुढेच होता. आधीपासून खुला असलेला अर्धा माळ फाल्गुनातच उजाड झाला, कुसळांच्या धास्तीनं गंगव्वा मेंढरं घेऊन दूर मुलखाला निघून गेली, आणि राखलेल्या कुरणातल्या त्याच निबर, निःसत्त्व काडीवर माझी कालवड रडतखडत वैशाख काढून उभी राहिली. म्हणजे मामंजी चुकले होते की नव्हते? ज्या थांबण्यानं ती वाळली, त्याच थांबण्यानं ती तगलीही. गंगव्वाला विचारलं असतं, तर तिनं गेलेल्या कोकरांची नावं घेतली असती.

पुढच्या पावसाच्या तोंडाशी कुरण पुन्हा काट्यांनी बंद झालं. श्रावणात गंगव्वा परतली, आणि कुणी काही म्हणायच्या आत मामंजींनी आपल्या हातानं काटे ओढून बाजूला केले. वासरं, कोकरं आत शिरली. कालवड जिभेचा वेढा घालून ओलं गवत ओढू लागली, त्याचा कचकच आवाज मला सुखावत होता. मामंजी माळाकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

"खाती का गं?" त्यांनी विचारलं.

"खाते, मामंजी."

"मग खाऊ दे." मान मात्र त्यांनी वळवली नाही.

त्या महिन्यात कालवडीच्या अंगावर तकाकी चढली आणि मामंजींची झोप उडाली. सकाळी त्यांचे डोळे लाल दिसत. गोठ्यात तिच्या भरल्या अंगावरून हात फिरवताना मला आनंद होई, आणि तो चेहऱ्यावर घेऊन घरात पाऊल टाकायची भीती वाटे.