शेपटीकडे उड्या मारणारा कांगारू

क्लॅरी बॉट्रेलला पाटीवर गाय काढायला सांगितली की तो आधी विचारायचा, "तोंड कुठल्या बाजूला?" खाटकाने सांगितलं, रस्त्याकडे. खडूने आकार काढून झाला की पुन्हा, "नक्की रस्त्याकडे ना?" आणि ब्रश रंगात बुडवला की तिसऱ्यांदा तेच. शेवटी खाटीक वैतागला. "अरे बाबा, इथे येते ती गाय मेलेलीच असते. बघू दे तिला कुठेही!" आमच्या नारांडेरा गावातल्या निम्म्या पाट्या, दुधाच्या गाड्या, शाळेचा फलक, सगळं क्लॅरीच्या हातचं. अक्षर कसं, छापल्यासारखं. पण प्राणी काढायचा म्हटलं की या माणसाला घाम फुटायचा. मला वाटायचं, जरा चक्रमच आहे.

मी ग्लेनिस. गावाबाहेर गव्हाच्या शेतात आमच्या जेटवाल्यांच्या क्लबची धावपट्टी आहे, तिथलं कँटीन मी चालवते. माझा नवरा विमानं उडवायचा. तो गेला, कँटीन माझ्या गळ्यात राहिलं. माणसाहून लांब मॉडेलं, पोटात खरंखुरं छोटं जेट इंजिन, आणि ती जमिनीवरून रिमोटने उडवणारे म्हातारे "कांदा जास्त घाल गं" म्हणत माझ्यासमोर रांग लावतात. विमानांतलं मला फारसं कळत नाही. या म्हाताऱ्यांतलं मात्र सगळं कळतं, असं मी समजत होते.

रांगेत क्लॅरीच्या मागे कायम डड ॲम्सबरी. दोघं तरुणपणी हवाई दलात, विमानं रंगवायच्या एकाच रंगशाळेत. डड आमचा परीक्षक. मॉडेल उडण्याआधी ते खऱ्या विमानासारखं आहे का, ते तो बघतो आणि प्रत्येक खुणेला फोटोचा पुरावा मागतो. असा हा काटेकोर माणूस, आणि अख्खा क्लब त्याला हाक मारतो 'उलट्या'.

त्याचं कारण आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आमच्या ऑस्ट्रेलियाच्या लढाऊ विमानांवर निळ्या वर्तुळात लाल कांगारू असतो आणि त्याचं तोंड कायम विमानाच्या नाकाकडे असावं लागतं. पत्र्याचा साचा एकच. उजव्या बाजूला सुलटा लावायचा, डाव्या बाजूला पालथा. अडुसष्ट साली एका मिराज विमानावर कोणीतरी तो पालथा करायला विसरलं आणि डावीकडचा कांगारू शेपटीकडे पळत सुटला. विमान तसंच उडालं, दुसऱ्या तळावर उतरलं, आणि तिथली पोरं हसून हसून लोळली. साचा दिला होता डडच्या नावावर. डडने शिक्षा म्हणून चार दिवस बटाटे सोलले आणि जन्माचं नाव कमावलं.

या एप्रिलमध्ये क्लबच्या उड्डाण मेळाव्याला दोन दिवस होते, तेव्हा क्लॅरीच्या बायकोचा, एल्वाचा फोन आला. "ग्लेनिस, येऊन जा गं. म्हातारा जेवत नाहीये." गेले. शेडमध्ये तीन मीटर लांब, चांदीच्या रंगाचं मिराज उभं होतं. सहा वर्षं खपला होता त्याच्यावर. काय देखणं केलं होतं म्हणून सांगू! मी उजवीकडून बघत बघत डावीकडे आले आणि थबकले. कांगारूचं तोंड शेपटीकडे.

"क्लॅरी, डडची खोड काढतोस? या वयात? शोभतं का तुला?"

तो स्टुलावर बसला होता, हातात कोरडा ब्रश. "खोड नाही गं. तो कांगारू माझा आहे."

"म्हणजे?"

"साचा डडच्या नावावर, पण रंगवलं मी. दुपारची गाडी गाठायची होती. दुसऱ्या दिवशी आमचं लग्न होतं ना! उजवी बाजू झाली, डावीकडे साचा तसाच टेकवला, रंग मारला आणि पळालो. दहा दिवसांनी परतलो तेव्हा त्याचे बटाटे सोलून झाले होते."

"आणि तू बोलला नाहीस? सत्तावन्न वर्षं?"

"पहिल्या दिवशी धीर झाला नाही. मग रोजच होईना."

मला असा संताप आला! डडची सगळी मॉडेलं हा फुकट रंगवून द्यायचा आणि आम्ही म्हणायचो, काय मैत्री आहे बघा. "मग आताच कशी जाग आली?" मी विचारलं.

"डडच्या वाढदिवसाला त्याची चिमुरडी नात त्याला 'उलटे आजोबा' म्हणाली. सगळे हसले, डडही हसला. मला काही हसू येईना."

एल्वा म्हणाली, "मी म्हणते, कांगारू सरळ कर, आणि डडकडे जाऊन गुपचूप सांगून ये. पण ऐकेल तर ना!"

"नाव चारचौघांत पडलं त्याचं," क्लॅरी म्हणाला. "मग सांगायचंही चारचौघांतच. त्यानंतर त्याने माझं तोंड बघायचं नाही ठरवलं, तर..." डडशिवाय या माणसाचा एक शनिवार गेलेला नव्हता. माझा राग कुठच्या कुठे गेला.

शनिवारी मिराज मैदानात आलं आणि एकच हशा पिकला. "उलट्या, ये रे, तुझा कांगारू आलाय!" डड आला. हातात गुणांचा कागद, चेहरा कोरा. विमानाभोवती एक फेरी मारून तो डाव्या बाजूला उभा राहिला.

"फोटो?"

"नाही," क्लॅरी म्हणाला.

"मग याला पुरावा काय?"

"मीच." क्लॅरी मोठ्यानेच बोलला, मागच्या माणसालाही ऐकू जाईल असा. "त्या दिवशी तो मी रंगवला होता, डड. तू नाही. तुझ्यावर आलं आणि मी गप्प बसलो. चुकलो मी."

माझ्या तव्यावर सॉसेजं करपत होती. करपू दिली.

डडने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. मग विमानापाशी वाकून वर्तुळासमोर बोट धरलं आणि एक डोळा मिटून बघितलं. "दोन गुण कापले."

"चालेल," क्लॅरी म्हणाला. "पुरावाच नाही तर..."

"पुराव्याचे नाहीत. कांगारू खाली आलाय. खऱ्यावर चार बोटं वर होता, आणि शेपटीचं टोक निळ्या रंगात गेलं होतं."

"तुला कसं माहीत?"

"कसं माहीत? विमान परत आल्यावर थिनर आणि फडकं घेऊन तो पुसला कोणी? तुझ्या काकाने? लग्नाला गेलेला नवरदेव तू! त्या कांगारूचं नखन् नख मला पाठ आहे."

क्लॅरी बघतच राहिला. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"अरे गाढवा, रंगशाळेत त्या दिवशी माणसं दोन. मी रंगवला नाही. मग काय कांगारूने स्वतःच ब्रश धरला?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुला तार करून परत बोलावलं असतं. एल्वा बसली असती चर्चच्या पायरीवर. त्यापेक्षा चार दिवस बटाटे परवडले."

"आणि नंतर?"

"नंतर तू माझी विमानं फुकट रंगवायला लागलास. तोंड उघडायला मी काय वेडा आहे?"

असा हशा झाला की कुंपणावरचे पक्षी उडाले. हसू ओसरलं तेव्हा डड हळू आवाजात म्हणाला, "वाट बघत होतो रे. दर मेळाव्याला वाटायचं, आज बोलेल." आणि त्याने क्लॅरीला मिठी मारली. दोघंही रडत होते, मीही रडत होते, आणि एल्वा दोघांच्याही पाठीत धपाटे घालत होती. कागदावर पुराव्याच्या रकान्यात डडने लिहिलं, 'मी स्वतः पुसला', आणि खाली सही केली. दोन गुण मात्र परत दिले नाहीत.

दुपारी मिराज उडालं. इंजिनाने आधी शीळ घातली, मग सगळं शेत दणाणलं. रिमोट क्लॅरीच्या हातात, आणि डड त्याला खेटून उभा, "वारा डावीकडून आहे, सांभाळ, आता वळव" करत. खालून एक फेरी घेतली तेव्हा विमानाची डावी बाजू बरोबर आमच्याकडे आली. विमान सुसाट पुढे आणि कांगारू मागे! लोक नाचायला लागले. इतका आनंद मी त्या मैदानावर नवरा असतानाही बघितला नव्हता.

विमान नीट उतरलं आणि डड सरळ माझ्या कँटीनमध्ये शिरला. "ग्लेनिस, बटाट्याचं पोतं कुठाय?" क्लॅरीला दंडाला धरून त्याने पेटीवर बसवलं आणि हातात सुरी दिली. "चार दिवस. आजचा पहिला."

क्लॅरीने बटाटा हातात फिरवला. "याचं तोंड कुठल्या बाजूला?"

"सोल मुकाट्याने," डड म्हणाला. "आणि साल पातळ काढ."

निम्मा बटाटा सालीबरोबर जात होता. मी ओरडणारच होते, तेवढ्यात रांगेतून कोणीतरी हाक मारली, "ए उलट्या, चिप्स होतायत का?"

सवयीने डडने मान वर केली. पण "ओ, आणतो!" म्हणाला क्लॅरी.