आयर्लंडमधलं अंत्यदर्शन

सिंगापूरच्या एका विद्यापीठात माझं काम मुलांना परदेशी पाठवण्याचं. अभ्यासदौरा ठरला की तिकिटं, विमा, व्हिसा, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोण हलाल खातं, हे सगळं माझ्याकडे. इतक्या वर्षांत कितीतरी पोरं मी देशोदेशी धाडली आणि संध्याकाळी बस पकडून क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटवर परत आले. आयर्लंडला जायची वेळ माझ्यावर आली ती अपघातानं. प्राध्यापकांसोबत जाणाऱ्या मॅडमचा पाय मोडला आणि गटात मुली असल्यामुळे सोबत कोणीतरी बाई हवीच होती. नवरा म्हणाला, जाऊन ये. मुलगा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "गो लाह, आई. आम्ही मॅगी खाऊ."

पहिले काही दिवस डब्लिनमध्ये संग्रहालयं बघण्यात गेले. मग बसनं आम्ही पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावात गेलो. तिथे एका टेकडीच्या उतारावर गवताखाली लांबच लांब वळ्या दिसत होत्या, जणू कोणी हिरव्या चादरीखाली दोर अंथरले आहेत. प्राध्यापकांनी सांगितलं की हे एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळाच्या आधीचे बटाट्याचे वाफे. पीक सडलं, माणसं मेली, उरलेली बोटीत बसून निघून गेली, आणि वाफे तसेच राहिले. आमची मुलं एरवी सारखी फोटो काढायची. तिथे बराच वेळ कोणी फोन बाहेर काढला नाही.

त्या गावात आमची सोय घराघरांत केली होती. मी आणि दोन मुली एका म्हाताऱ्या विधवा बाईकडे उतरलो. सिंगापूरच्या सवयीनं मुलींनी तिला पहिल्याच दिवशी आंटी करून टाकलं आणि तिलाही ते आवडलं. उंच, काटक, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून कोंबड्यांमागे फिरणारी. रोज जेवताना ती एक गोष्ट सांगायची. एकदा म्हणाली, जुन्या काळी घरातलं कोणी अमेरिकेला निघालं की आदल्या दिवशी गाव जमायचं, गाणी व्हायची, नाच व्हायचा, आणि आई रडायची. जाणारा परत दिसणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. जिवंत माणसाला असा शेवटचा निरोप द्यायचे. मुलींनी ते वहीत लिहून घेतलं. मी बशीतला बटाटा नुसता चिवडत राहिले.

दोन दिवसांनी शेजारचा म्हातारा वारला. आंटीनं सकाळपासून सँडविच करायला घेतली. त्यांच्याकडे मयत घरातच, पुढच्या खोलीत ठेवतात आणि गावातला प्रत्येक माणूस येऊन जातो, त्याला ते वेक म्हणतात. दुपारी कोट चढवून ती दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "चल."

मी म्हणाले, मी त्यांना ओळखतसुद्धा नाही.

"मग काय झालं? तो आज कोणाला विचारणार नाही."

मी कोट चढवून निघाले, दोन्ही मुलीही मागोमाग आल्या. माझे बाबा नागपूरला वारले तेव्हा कोविडमुळे सीमा बंद होत्या. दीक्षाभूमीपासून जवळच आमचं घर, आणि मी इथे, क्लेमेंटीत, फोन कुकरला टेकवून बाबांचा अंत्यविधी बघत होते. चुलतभावाच्या हातात फोन होता, चित्र सारखं हलत होतं, मग नेटवर्क गेलं. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रमही तसाच, फोनच्या चौकोनात बघितला. दुसऱ्या आठवड्यात मी कामाला लागले. त्यानंतर मी कोणत्याही मयताच्या घरी गेले नव्हते आणि बाबांविषयी कोणाशी मोकळेपणी बोललेही नव्हते.

म्हाताऱ्याच्या घरी रांग होती. प्रत्येकजण त्याच्या मुलामुलींचे हात हातात घेऊन एकच वाक्य म्हणत होता, तुमच्या दुःखाचं वाईट वाटतं. मीही म्हणाले. म्हाताऱ्याची मुलगी साधारण माझ्याच वयाची होती. तिनं माझा हात सोडला नाही. विचारलं, "फार लांबून आलात?" सिंगापूरहून, असं मी म्हटलं आणि का कोण जाणे, रडायला लागले. थांबताच येईना.

कोणी गडबडलं नाही. आंटीनं मला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, हातात चहाचा कप दिला. आमच्या दोन मुलींपैकी एक, चिनी घरातली, माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली की आमच्याकडेही फ्लॅटखाली मंडप घालून असंच बसतात, माझ्या आजोबांच्या वेळी सगळे पत्ते खेळत होते. मी थोडी हसले. मग आंटीनं विचारलं, "कोणासाठी रडतेस?"

मी सांगितलं.

"कसा होता तो?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. कसे गेले, कधी गेले, वय किती होतं, हेच सगळे विचारायचे. मी सांगायला लागले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. यंत्रातला बिघाड आवाजावरून ओळखायचे, पण स्वतःचा आवाज अगदी फाटका. तरी दर एप्रिलला वस्तीच्या भीमगीतांच्या पथकात पहिल्या रांगेत उभे राहायचे. शेवटी पथकप्रमुखानं हात जोडून सांगितलं, भाऊ, तुम्ही फक्त ओठ हलवा. बाबांनी मान डोलावली आणि त्या वर्षी आणखी मोठ्यानं गायले. स्वयंपाकघरातली सगळी माणसं हसली. कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, आमच्या चर्चमध्येही असा एक होता, तो आता पुढच्या खोलीत झोपलाय. ते ऐकून म्हाताऱ्याची मुलगीही हसली, डोळे पुसत.

परत आल्यावर मी तिकीट काढून आईला सिंगापूरला बोलावलं. एका रविवारी मरीन परेड आणि क्लेमेंटी या भागांतली आपली काही माणसं घरी जमवली. बुद्धवंदना झाली, चहा झाला, आणि मी सगळ्यांसमोर आईला विचारलं, बाबा कसे होते ते सांग. ती आधी लाजली. मग म्हणाली, "तू पहिल्यांदा इकडे निघालीस ना, त्या दिवशी विमानतळावरून घरी आले आणि तुझ्या खोलीतला पंखा खोलून बसले. चांगला चालत होता. मी म्हटलं, बिघडला का? सगळे भाग पुसले, तेल घातलं, परत जोडला, लावला, आणि त्याच्याखाली बसून राहिले."

माझा मुलगा जमिनीवर बसून ऐकत होता. त्यानं मराठीत विचारलं, "मग?" आई म्हणाली, मग काय, मी त्यांना तिथेच जेवायला वाढलं. मुलानं आणखी एक गोष्ट मागितली, मग आणखी एक. त्या दिवशी दिवे लागेपर्यंत आमच्या घरात बाबा होते.

माणसं गेल्यावर मी आईला आंटीचा फोटो दाखवला, रबरी बूट आणि कोंबड्यांसकट. या बाईनं माझ्यासाठी काय केलं ते नीट समजावून सांगताना माझे शब्द अडखळत होते, पण आईला कळलं. तिनं फोटो मोठा करून बराच वेळ बघितला.

"हिला एकदा नागपूरला बोलव," ती म्हणाली. "उन्हाळ्यात नको म्हणावं."