खुडूक कोंबडीखाली भुसा टाकला

बायांनो, आज लय थकली मी.

आमची खुडूक कोंबडी नऊ अंड्यांवर बसली होती. खोक्यातल्या तणसीत, धानाच्या वाळल्या काड्यांत, पिसवा झाल्या, म्हणून परवा मी भरवेली गावच्या आरा मशीनवरून लाकडाचा भुसा आणून टाकला. आज पाहते तं तिनं सारा भुसा उकरून बाहेर फेकला होता. उघड्या फळीवर चार अंडी फुटली होती. एकात पिल्लाचे पंख दिसून राह्यले होते.

सासूबाईनं विचारलं, "तणीस काहून काढली वो?"

"साफ राहावं म्हणून, आई."

वाळलेली तणीस आणून त्यांनी जाड थर देला. कोंबडी उरलेल्या पाचांवर लगेच बसली. मी तिथंच बसून राह्यली.

पिसवाही होऊ नये अन् अंडंही फुटू नये, असं तुम्ही काय टाकता?