सहाशे अकरावं पान

ड्वाइट हार्लेस कोर्टात कधी आवाज चढवत नसे. तो सरकारचा वकील. पोस्टाच्या वरच्या मजल्यावर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कोर्ट आणि कोर्टाच्या वर आमचं ऑफिस. तिथे मी एकतीस वर्षं टायपिंग केलं, त्यातली वीस त्याच्या हाताखाली. म्हणजे तो म्हणायचा हाताखाली. मी म्हणायचे, त्याला सांभाळण्यात.

आमच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणी. खाणीत कंबर नाहीतर छाती गमावलेली माणसं अपंगत्वाची पेन्शन मागत, पेन्शनचं सरकारी खातं नाही म्हणे, मग ती सरकारवर दावा लावत आणि ड्वाइट सरकारतर्फे उभा राही. तो स्वतः खाणकामगाराचाच मुलगा. बाप खोकून खोकून गेलेला.

"आपल्याच माणसांच्या विरोधात उभं राहवतं तरी कसं रे तुला?" मी एकदा विचारलं होतं.

"कोणीतरी उभं राहणारच, वर्ना. निदान नीट वाचून उभं राहणारा तरी असावा."

आणि वाचायचाही. माणूस खरोखर मोडलेला दिसला की स्वतःच खात्याला कळवायचा, ही केस लढू नका. मला त्याचा अभिमान वाटे.

फक्त उशिराच्या केसेस वाचाव्या लागत नसत. नकाराचं पत्र मिळाल्यापासून साठ दिवसांत दावा लावायचा, आणि पत्रावरच्या तारखेनंतर पाच दिवसांत ते मिळालंच, असं कायदा धरून चालतो. अशा केसला तीन कागद पुरत: ते पत्र, दाव्यावरचा कोर्टाचा शिक्का आणि ड्वाइटचा दोन पानी मसुदा. मसुदा कॉम्प्युटरवर तयारच असे. मी नाव आणि तारखा तेवढ्या बदलायचे. चौथ्या परिच्छेदात लिहिलेलं होतं, 'पत्र उशिरा मिळालं असं नुसतं म्हणणं पुरेसं नाही, पुरावा हवा.' खात्याकडून आलेलं कागदांचं खोकं भिंतीशी पडून राही. त्याची चिकटपट्टीसुद्धा आम्ही काढत नसू.

खोऱ्यात मोठा पूर आला, त्याच्या पुढच्या वर्षी आर्व्हिल स्टिल्टनरची केस आली. खाणीचं छत बसून त्याचा मणका गेला होता. वकील नाही, वहीच्या कागदावर हाताने लिहिलेला दावा, तोही आठ दिवस उशिरा. त्यात एक ओळ होती: 'पत्र मला उशिरा मिळालं, देवाशपथ.' मी नाव टाइप केलं, ड्वाइटने सही केली, जजबाईंनी दावा काढून टाकला. त्या दुपारी आम्ही पेपरोनी रोल खात फुटबॉलच्या गप्पा मारल्या. ते आठवलं की अजून लाज वाटते.

दोन महिन्यांनी खोकं परत पाठवायचं म्हणून मी पानांचे क्रमांक तपासायला बसले. सहाशे अकराव्या पानावर एका पाकिटाची प्रत होती. पुरात घर गेल्यावर स्टिल्टनर मुलीकडे राहायला गेला होता. पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन परत आलं होतं, आणि खात्याने ते एकोणीस दिवसांनी नव्या पत्त्यावर धाडलं होतं. पोस्टाचे दोन्ही शिक्के स्वच्छ वाचता येत होते.

मी ते पान ड्वाइटच्या टेबलावर ठेवलं. त्याने दोनदा वाचलं, मग चष्मा काढला.

"हे कधीपासून होतं आपल्याकडे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी उघडलं नाही."

"मी तरी कुठे उघडलं?"

निकालानंतर वर्षाच्या आत चूक दाखवली, तर कोर्ट केस पुन्हा उघडू शकतं. ड्वाइटने अर्ज लिहायला घेतला तसा आमच्या ऑफिसचा साहेब तणतणत आला. "जिंकलेली केस स्वतःहून उघडतोस? डोकं ठिकाणावर आहे ना? तू सरकारचा वकील की त्याचा?"

"सरकारचाच. पुरावा सरकारच्याच खोक्यात होता, म्हणून तर."

केस उघडली, खात्याकडे परत गेली, आणि वसंतात स्टिल्टनरची पेन्शन मंजूर झाली. त्या शनिवारी ड्वाइटने मला गाडीत घातलं आणि आम्ही डोंगरातल्या स्टिल्टनरच्या नव्या ट्रेलरवर, म्हणजे चाकांवरच्या घरी, गेलो. त्याला माफी मागायची होती.

आर्व्हिल दाराशी वॉकर धरून उभा होता. "साहेब, माझे कागद वाचणारे तुम्ही एकटेच निघालात. देव तुमचं भलं करो."

"नाही हो," ड्वाइट म्हणाला. "मीच वाचले नव्हते. तुमचा दावा मीच घालवला होता."

आर्व्हिल हसला. "असेल. पण शेवटी वाचलेत ना? या, जेवायला बसा."

त्याची बायको ओसी मात्र हसली नाही. तिने आमच्यापुढे बीन्सचे वाडगे आणि मक्याचा ब्रेड ठेवला आणि ड्वाइटकडे बघून म्हणाली, "आणि बाकीच्यांचे?"

"कोणाचे, बाई?"

"वा! म्हणजे उशीर झाला म्हणून तुम्ही घालवलेले आम्हीच पहिले?"

ड्वाइटने चमचा खाली ठेवला.

सोमवारी त्याने मला यादी काढायला लावली. त्या मसुद्यावर निकालात काढलेल्या केसेस एकशे बारा निघाल्या. त्यातल्या वर्षाच्या आतल्या फक्त सात. त्या त्याने पानन् पान वाचल्या. काही निघालं नाही. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

"आता बाकीची खोकी मागव," तो म्हणाला.

"मागवून काय करणार? मुदत गेली, ड्वाइट. काही सापडलं तरी कोर्ट हात लावणार नाही."

"माहीत आहे. मलाच उशीर झाला."

खोकी आली. त्याने स्वतःच्या हाताने चिकटपट्टी काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला. मीही शेजारी खुर्ची ओढून बसले. चौथ्या खोक्यात तसंच एक पाकीट निघालं. ड्वाइटने ते पान बाजूला काढलं.

"कोणाचं आहे?" मी विचारलं.

त्याने नाव सांगितलं. ते नाव मीच टाइप केलं होतं, आणि टाइप केल्याचंही मला आठवेना.